अस्सल म्हणून गळ्यात मारलेला कंट्रोलर

जुने खेळ संगणकावर इम्युलेटरच्या (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या) साहाय्याने खेळण्याची व्यवस्था उभी करताना संगणक, इम्युलेटर आणि पडदा यांवर पुष्कळ विचार होतो. कंट्रोलरची खरेदी सगळ्यात शेवटी होते आणि फसवणुकीला सर्वाधिक वाव तिथेच मिळतो. ‘मूळ कंपनीचा, नवा, सीलबंद’ असे ठळक सांगून मला विकण्यात आलेला प्लेस्टेशन ३ चा ड्युअलशॉक ३ कंट्रोलर पूर्णपणे बनावट निघाला. तो बनावट आहे हे सिद्ध करणे आणि त्यानंतर पैसे परत मिळवणे, या दोन्ही गोष्टी विक्रेत्याने किती पद्धतशीरपणे अवघड करून ठेवल्या होत्या, हे इतरांना कळावे म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

ड्युअलशॉक ३ च का हवा होता, हे आधी सांगितले पाहिजे, कारण फसवणुकीचे मर्म त्यातच आहे. २००० साली प्लेस्टेशन २ सोबत आलेल्या ड्युअलशॉक २ ची बहुतेक बटणे दाब ओळखणारी होती. बटण दाबले आहे की नाही एवढेच नव्हे, तर ते किती जोराने दाबले आहे हेही खेळाला कळत असे. ‘ग्रॅन टुरिस्मो ३’ मध्ये बटण हलके दाबले तर गाडी हळू वेग घेते, आणि ‘मेटल गिअर सॉलिड २’ मध्ये रोखलेले पिस्तूल न झाडता खाली घ्यायचे असेल तर बटण सावकाश सोडावे लागते. ड्युअलशॉक ३ मध्ये ही सोय कायम राहिली, २०१३ च्या ड्युअलशॉक ४ मध्ये मात्र ती काढून टाकण्यात आली. त्यामुळे प्लेस्टेशन २ चे खेळ इम्युलेटरवर जसेच्या तसे खेळायचे असतील, तर ड्युअलशॉक ३ हा सोयीचा आणि यूएसबीने थेट जोडता येणारा पर्याय ठरतो. त्याआधीच्या यंत्रांच्या खेळांना या सोयीची काहीच गरज नसते. तिथे डी-पॅड (चार दिशांचे बटण) चांगला असणे महत्त्वाचे, आणि सेगाच्या मेगा ड्राइव्ह या यंत्रावरच्या मारामारीच्या खेळांसाठी उजवीकडे सहा बटणे असणे सोयीचे. तसे कंट्रोलर आजही अनेक कंपन्या स्वतःच्या नावाने प्रामाणिकपणे बनवतात, आणि त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही.

विक्रीच्या पानावर संशय यावा असे काही नव्हते. किंमत फार कमी नव्हती. वापरलेल्या अस्सल कंट्रोलरपेक्षा थोडी जास्तच होती, आणि नव्या मालाला ते शोभण्यासारखे होते. छायाचित्रे अस्सल वस्तूची होती. ग्राहकांचे अभिप्राय भरपूर होते आणि सरासरी गुणही उत्तम होते. हे अभिप्राय मागे मागे जात वाचल्यावर मात्र त्यांतले जुने अभिप्राय ‘तार मजबूत आहे’, ‘फोन लवकर चार्ज होतो’ अशा स्वरूपाचे असल्याचे दिसले. म्हणजे एके काळी त्याच पानावर चार्जिंगची तार विकली जात होती. पुढे शीर्षक आणि छायाचित्रे बदलून त्याच गुणांच्या जोरावर कंट्रोलर विकायला काढला होता. ही युक्ती ऑनलाइन बाजारात सर्रास चालते आणि सरासरी गुण पाहून निर्णय घेणारा तिला हमखास बळी पडतो. याखेरीज आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जपानमधील प्लेस्टेशन ३ चे उत्पादन २०१७ साली थांबले. त्यानंतर इतक्या वर्षांनी एखाद्या विक्रेत्याकडे नवे, सीलबंद आणि हवे त्या रंगाचे कितीही नग शिल्लक असतील, तर त्या अक्षय साठ्याचे स्पष्टीकरण त्याच्याकडेच मागायला हवे.

कंट्रोलर हातात आला तेव्हा खोके, छपाई आणि प्लास्टिकचे वेष्टन बिनचूक होते. यूएसबीने जोडताच रेट्रोआर्क या इम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्रामने तो लगेच ओळखला, पडद्यावर नेहमीची सूचना आली आणि सगळी बटणे आपापल्या जागी बसली. ‘इम्युलेटरने ओळखला म्हणजे अस्सल’ असा समज असलेल्यांसाठी इथे थोडे थांबणे आवश्यक आहे. यूएसबी उपकरण जोडल्यावर ते स्वतःचा उत्पादक क्रमांक, वस्तू क्रमांक आणि नाव संगणकाला कळवते. ड्युअलशॉक ३ चे हे क्रमांक ०५४सी आणि ०२६८ आहेत, आणि रेट्रोआर्क अशाच माहितीवरून तयार मांडणी निवडतो. हे क्रमांक उपकरण स्वतःच सांगते. ते खरे आहेत का, याची पडताळणी कुठेच होत नाही. नकली माल बनवणारे तेच क्रमांक आपल्या चिपमध्ये भरतात. लिनक्स या संगणकप्रणालीच्या ड्रायव्हरमध्ये (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) तर अशा नकलांसाठी स्वतंत्र तरतुदी कराव्या लागल्या आहेत. त्यांतली एक नक्कल आपले नाव सांगताना ‘गेमपॅड’ या इंग्रजी शब्दातल्या एमच्या जागी भलतेच चिन्ह पाठवते, आणि सुरू करण्याची नेहमीची प्रक्रिया पूर्ण केली तर ती न थांबता थरथरत राहते. म्हणून तिच्यापुरती त्या प्रक्रियेतली एक पायरी ड्रायव्हरला गाळावी लागते. माझ्या हाती आलेल्या नगाचे नाव मात्र अगदी शुद्ध होते.

खरा प्रकार उघड झाला तो दाबाच्या चाचणीत. ‘ग्रॅन टुरिस्मो ३’ मध्ये बटण कितीही हळुवार दाबले तरी गाडी पूर्ण वेगानेच सुटत होती. प्रथम इम्युलेटरच्या सेटिंगवर संशय येणे साहजिक होते, म्हणून इम्युलेटर बाजूला ठेवून कंट्रोलरकडून येणारी कच्ची माहिती लिनक्सवर थेट पाहिली. ड्युअलशॉक ३ प्रत्येक वेळी ४९ बाइटांचा अहवाल पाठवतो, आणि त्यातले १२ बाइट दाबासाठी असतात: चार दिशांचे, खांद्यावरच्या चार बटणांचे आणि उजवीकडच्या चार बटणांचे. अस्सल कंट्रोलरमध्ये बोट हळूहळू रुतवत नेले की तो आकडा ० पासून २५५ पर्यंत पायरीपायरीने चढतो, आणि बोट सैल केले की तसाच उतरतो. इथे फुलीच्या बटणाचा आकडा शून्यावर ठाम असे आणि ठरावीक बिंदूला एकदम २५५ होई. मधला एकही आकडा कधी दिसला नाही. बाराही बटणांची तीच कथा. कंट्रोलर तिरपा केल्यावर हलायला हवे होते ते आकडेही जागचे ढळत नव्हते. थोडक्यात, अहवालाचा साचा मूळचा होता आणि आतला मजकूर पोकळ होता.

त्यानंतर वजन केले. मूळ ड्युअलशॉक ३ चे वजन १९२ ग्रॅम असते, कारण त्याच्या दोन्ही मुठींत थरथरणाऱ्या मोटारी असतात, डावीकडे मोठी आणि उजवीकडे लहान. हा नग त्याहून स्पष्टपणे हलका भरला. पाठीमागचे पाच स्क्रू काढून उघडल्यावर त्याचे कारण दिसले: मोटार एकाच मुठीत होती. अस्सल कंट्रोलरमध्ये रबरी बटणांखाली दाब मोजणारी, वाहक शाईने छापलेली पातळ लवचीक पट्टी असते. तिच्या जागी इथे रबराखालचा कार्बनचा ठिपका सरळ सर्किट बोर्डावरच्या संपर्कावर टेकत होता. अशा रचनेत ‘दाबले’ किंवा ‘नाही दाबले’ एवढेच कळू शकते. कोणताही ड्रायव्हर किंवा कोणतेही सेटिंग त्यातून दाबाची मात्रा काढू शकत नाही. मुख्य चिपवर नाव किंवा क्रमांक नव्हता, फक्त काळ्या राळेचा एक थेंब होता, आणि बॅटरीवर क्षमतेचा उल्लेखच नव्हता. डी-पॅडची अवस्था त्याहून वाईट होती. उजवीकडे दाबताना वरची दिशाही मधूनच लागत असे. साध्या उड्यांच्या खेळात हे एखाद वेळी खपून जाते. पण ‘स्ट्रीट फायटर २’ सारख्या खेळात खाली, तिरपे, पुढे आणि ठोसा असा क्रम साधायचा असतो, तिथे असा डी-पॅड निव्वळ निरुपयोगी ठरतो.

इतका पुरावा हाती असल्यावर परतावा सहज मिळेल, असे कोणालाही वाटेल. विक्रेत्याची सगळी हुशारी मात्र पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवलेली होती. पहिले उत्तर आले की दोष माझ्या संगणकाच्या ड्रायव्हरमध्ये आहे. लिनक्सवरचे आकडे पाठवल्यावर उत्तर बदलले: हा कंट्रोलर मूळ यंत्रावरच चालण्यासाठी बनवला आहे, संगणकावर त्याची जबाबदारी आमची नाही. मग व्हिडिओ मागितला, तो मिळाल्यावर अस्पष्ट आहे म्हणून दुसरा मागितला, आणि प्रत्येक उत्तराआधी चांगला वेळ काढला. नंतर ‘वस्तू तुमच्याकडेच ठेवा, आम्ही काही रक्कम परत करतो’ असा प्रस्ताव आला; तो नाकारल्यावर तीच रक्कम थोडी वाढवून पुन्हा देऊ केली. भाषा शेवटपर्यंत कमालीची नम्र होती. या सगळ्याचा हेतू एकच होता: ऑनलाइन बाजाराने ग्राहकाला तक्रारीसाठी दिलेली मुदत संपेपर्यंत बोलणी लांबवायची. शिवाय अंशतः रक्कम स्वीकारली की बहुतेक ठिकाणी प्रकरण मिटले असे धरले जाते आणि त्यानंतरची तक्रार ऐकली जात नाही. एका संदेशात तर ‘आधी तक्रार मागे घ्या, मग लगेच पूर्ण रक्कम पाठवतो’ असेही लिहिले होते. मागे घेतलेली तक्रार बहुधा पुन्हा दाखल करता येत नाही, हे विक्रेत्याला पक्के ठाऊक असते.

म्हणून विक्रेत्याशी खासगीत बोलणी सुरू असली तरी अधिकृत तक्रार मुदतीच्या आत नोंदवावी आणि सगळा संवाद बाजाराच्या स्वतःच्या संदेशव्यवस्थेतूनच करावा. तक्रारीचे कारण निवडताना ‘काम करत नाही’ हे कारण टाळावे, कारण बनावट कंट्रोलर एका अर्थाने काम करतच असतो आणि विक्रेता तेवढेच दाखवून सुटतो. ‘बनावट वस्तू’ किंवा ‘वर्णनाशी न जुळणारी वस्तू’ हे कारण नेमके बसते. माझ्या प्रकरणात आकड्यांच्या लांबलचक स्पष्टीकरणापेक्षा दोन छायाचित्रे अधिक उपयोगी पडली: वजनकाट्यावर ठेवलेला कंट्रोलर, आणि त्याशेजारी पानावरचे ‘मूळ कंपनीचा’ हे शब्द. निर्णय देणाऱ्याला बाइट आणि अहवाल समजतीलच असे नाही, वजन मात्र कोणालाही समजते. वस्तूची किंमत अखेर परत मिळाली, पाठवणीचा खर्च बुडाला. ते पान काही काळाने दिसेनासे झाले आणि तीच छायाचित्रे दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाने पुन्हा झळकली.

हाच प्रकार एक्सबॉक्स ३६० चा बिनतारी कंट्रोलर संगणकाला जोडणाऱ्या रिसीव्हरच्या बाबतीतही चालतो, आणि तिथे ओळख उलट तुलनेने सोपी आहे. अस्सल रिसीव्हरचा वस्तू क्रमांक ०७१९ असतो. नकली रिसीव्हर बऱ्याचदा ०२९१ हा क्रमांक सांगतात. त्यामुळे विंडोज त्यांना अनोळखी उपकरण म्हणून दाखवते आणि ड्रायव्हर हाताने निवडावा लागतो. विक्रेता सोबत ‘ड्रायव्हर बसवण्याची कृती’ लिहिलेला कागद पाठवत असेल, तर तो कागदच वस्तूविषयी पुरेसे सांगतो.

ज्यांना दाबाची सोय खरोखर हवी आहे, त्यांनी ‘नवा’ या शब्दाचा मोह सोडून वापरलेला अस्सल ड्युअलशॉक ३ घेणे अधिक शहाणपणाचे आहे. घेण्यापूर्वी त्याच नगाचे वजनकाट्यावरचे छायाचित्र मागावे. दुसऱ्याची छायाचित्रे उचलणारा विक्रेता इथेच गप्प होतो. वस्तू हाती आल्यावर बारा बटणांचा दाब, कंट्रोलर तिरपा केल्यावर हलणारे आकडे आणि दोन्ही मुठींतली थरथर, या तिन्ही चाचण्या तक्रारीची मुदत सुरू असतानाच उरकाव्यात. विंडोजवर काम करणाऱ्यांना डीएसहिडमिनी हा ड्रायव्हर बसवून दाबाचे आकडे पाहता येतात. जुन्या नगांची बॅटरी थकलेली असते, पण तो दोष मानू नये, कारण ती बदलता येते आणि केबलने जोडून खेळताना तिची फारशी अडचणही होत नाही.