मशीन टेबलावरच राहतं म्हणून शिवणं चालू राहिलं

हे शिलाई मशीन घेऊन सहा महिने झाले, रोज नाही तरी आठवड्यातून चारपाच दिवस वापरते, म्हणून आता लिहायला हरकत नाही. मी शिवते ते निव्वळ हौसेखातर. ऑर्डर नाही, तारखेचं टेन्शन नाही, त्यामुळे शिवणं बंद पडलं तरी कुणाचं काही अडत नाही, आणि एकदा खंड पडला की पडतोच. माझा आठ महिने पडला होता. फ्रॉक बेतून कापून ठेवलेला, बाह्या टाचण्यांनी अडकवलेल्या, सगळं एका पिशवीत तसंच. आवडच संपली आपली असं खरंच वाटायला लागलं होतं, वाईट वाटायचं त्या पिशवीकडे बघून.

आता कळतंय की जीव जायचा तो मांडामांडीत. जुनं मशीन लोखंडी, जड, कपाटावर ठेवलेलं. खाली उतरवा, टेबल रिकामं करा, बॉबीन म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ भरा, तिच्या डबीत म्हणजे केसमधे घाला, ती केस आत खट्ट करून बसेपर्यंत वाकून चाचपडत रहा, यात अर्धा तास जायचा आणि हाताशी वेळ असायचा पाऊण तास. मग उरलेल्या पंधरा मिनिटांसाठी कोण मांडणार!

हे मशीन जेमतेम सहा किलोचं आहे, टेबलाच्या एका टोकाला कायम मांडलेलंच असतं, कव्हर काढलं की टीप मारायला सुरू. बॉबीन वरूनच टाकायची आणि तिच्यावरचं झाकण पारदर्शक, किती दोरा उरलाय ते दिसतं. लांबलचक टीप मारून कापड उचललं आणि खालचा दोरा मधेच संपल्यामुळे हातभर नुसती भोकंच पडलेली बघितली आहेत ज्यांनी, त्यांना कळेल मी काय म्हणते ते.

सगळ्यात जास्त जीव जडलाय तो वेगाच्या स्लायडरवर. बाहीचा वरचा गोल भाग मुंढ्यापेक्षा, म्हणजे ती जिथे जोडायची त्या खांद्याकडच्या गोल कापापेक्षा, थोडा मोठा असतो ना, तो जास्तीचा भाग चुणी न पडू देता मुरवावा लागतो, माझं तिथेच अडायचं, दोनदा तिनदा उसवायचं आणि मग नकोच वाटायचं. या वेळी 4 मिलिमीटरचे लांब टाके घालून दोन ओळी मारल्या, दोरे हलके ओढून गोलाई मुंढ्याएवढी केली, मग स्लायडर सगळ्यात खाली आणून एकेक टाका बघत गेले, जिथे कापड गोळा होईल असं वाटलं तिथे सुई खाली ठेवून फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, उचललं, बोटाने सारखं केलं, पुढे. एकही चुणी नाही! बराच वेळ ती बाही हातात धरून बसले होते. आठ महिने पडलेला फ्रॉक तीन संध्याकाळी पूर्ण झाला.

एक सवय पण लागलीय, तुम्हीही करून बघा. उठायच्या आधी पुढची टीप जिथून मारायची ते कापड टाचून फूटखाली ठेवायचं. दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करू हा विचारच करावा लागत नाही, पंधरा मिनिटं मिळाली तरी एक बाजू होऊन जाते. मशीन कायम मांडलेलं असल्याशिवाय हे जमत नाही.

खाली दोऱ्याचं जाळं होतं म्हणून नवीन मशीनला नावं ठेवणारे बरेच असतात, त्यांना कळकळीने सांगते, वरचा दोरा ओवताना फूट वर उचललेलं आहे का बघा. फूट वर असलं की टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यामधे नीट बसतो, खाली असलं तर तो बाहेरच राहतो, ताणच मिळत नाही आणि सगळा गुंता कापडाखाली होतो, म्हणून दोष बॉबीनचा वाटतो. पहिल्या आठवड्यात माझंही हेच झालं, सगळा दोरा काढून फूट वर करून परत ओवला, लगेच थांबलं. आणि सुई साधारण 8 तास शिवून झालं की बदला. बोथट सुईने टाके सुटतात आणि आपल्याला वाटतं आपल्यालाच येत नाही.

आता तक्रारी. सुईत दोरा ओवायचा जो हुक आहे तो 75 ते 100 नंबरच्या सुयांना छान चालतो, 65 नंबरच्या बारीक सुईच्या भोकात जातच नाही, तिथे हातानेच ओवायचं. लाइट मंद आहे, काळ्या कापडावर काळा दोरा असेल तर वेगळा दिवा लावावा लागतो. काज चार टप्प्यांत करायचं आहे आणि दोन्ही बाजूंचे टाके सारखे दाट येत नाहीत, आधी चिंधीवर करून बघतेच मी. आणि जीन्स! खालची पट्टी दुमडताना शिवणीचा जाड उंचवटा आला की फूट मागे कलतं आणि टाके सुटतात. 100 नंबरची सुई घातली, फूटच्या मागे कापडाची घडी सरकवून लेव्हल केलं आणि तो भाग हाताने चाक फिरवून काढला, तेव्हा निघाला. हलकं असल्यामुळे जोरात चालवलं की सरकतंही, खाली रबराची मॅट घातलीय. त्यामुळे जीन्स, जाड पडदे, बॅगा असंच शिवायचं असेल तर हे घेऊ नका, जड मशीनच बघा. सुती कपडे, उशीचे अभ्रे, पायजमे शिवणाऱ्यांनी बिनधास्त घ्या. चार स्टार, एक त्या काजांसाठी कापलाय.