डाग ड्रमचा, बिल फ्यूजरचं

ठाण्यात वागळे इस्टेटमधलं एका कर सल्लागाराचं छोटं ऑफिस. मशीन एचपी एम१००५, लेझर प्रिंटर. पानावर काळा ठिपका यायला लागला, एकाच रेषेत, वरपासून खालपर्यंत चार वेळा. इंटरनेटवरून नंबर शोधून बोलावलेला माणूस आला, एक प्रिंट काढली आणि म्हणाला, "मॅडम, फ्यूजर गेलाय." फ्यूजर म्हणजे कागदावरची पावडर तापवून, दाबून पक्की बसवणारा भाग. पिशवीतून जळकं टेफ्लॉन, म्हणजे फ्यूजरमधली तापणारी पातळ नळी, काढून दाखवलं, पंचवीस मिनिटं पाठमोरा बसला आणि ४,२०० रुपयांचं हातानं लिहिलेलं बिल देऊन गेला. ठिपका गेला होता, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

दीड महिन्यानं पानावर उभ्या रेघा आल्या, म्हणून मशीन दुरुस्तीला आमच्याकडे आलं. मागच्या कव्हरच्या स्क्रूंच्या खाचेत धूळ घट्ट बसलेली होती, म्हणजे तिथे स्क्रूड्रायव्हर टेकलेलाच नव्हता. या मशीनचा फ्यूजर काढायचा तर मागचं आणि बाजूची कव्हरं उतरवावी लागतात, वायरी सोडवाव्या लागतात. सरावलेल्या हातालाही अर्धा तास लागतो, परत बसवायचा वेळ वेगळा. आत फ्यूजर जुनाच होता, धुळीसकट. बदललं होतं फक्त कार्ट्रिज, म्हणजे छपाईची पावडर आणि ती कागदावर उतरवणारा ड्रम असलेला डबा, तेही हलक्या ड्रमचं, स्वस्त पावडर भरलेलं. दाखवलेलं टेफ्लॉन दुसऱ्या कुठल्या तरी मशीनचं असणार.

हे ओळखायला पट्टी पुरते. या मशीनच्या १२ए कार्ट्रिजचा ड्रम सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे त्याचा एक फेरा साधारण ७५ मिलिमीटरचा. ठिपका दर साडेसात सेंटिमीटरला येत असेल तर चरा ड्रमवर आहे. ए४ कागद २९.७ सेंटिमीटर लांब, म्हणून पानावर चार ठिपके. फ्यूजरच्या टेफ्लॉनचा घेर याहून लहान, त्याचे डाग जवळजवळ पडतात.

दुसरी खूण बोटाची. ताज्या प्रिंटवर अंगठा जोरात घासा. अक्षरं पुसली जात असतील, पावडर बोटाला लागत असेल, तर फ्यूजर नीट तापत नाही किंवा दाब कमी पडतोय. अक्षरं घट्ट असतील आणि नुसता ठिपका असेल, तर फ्यूजरला हात लावायचं कारण नाही. तरी खात्री नसेल तर हाफ टेस्ट करा: कागद आत अर्धा गेला की पुढचं दार उघडा, कार्ट्रिज बाहेर घ्या आणि न भाजलेला कागद हळूच ओढून काढा. फ्यूजरपर्यंत न पोचलेल्या भागावरही ठिपका दिसला, म्हणजे दोष त्याच्या आधीच लागलाय. कार्ट्रिज जास्त वेळ उजेडात ठेवू नका, ड्रम खराब होतो.

खरं तर या मशीनचा फ्यूजर सहजासहजी जात नाही. टेफ्लॉन फाटतं ते स्टेपलची पिन आत गेल्यानं किंवा अडकलेला कागद स्क्रूड्रायव्हरनं ओरबाडल्यानं. आणि तेव्हाही बहुतेक वेळा नुसतं टेफ्लॉन बदलून, त्यावर कागद दाबणारा प्रेशर रोलर पुसून काम भागतं. पूर्ण युनिट विकणारा आधी तुम्हाला टेफ्लॉनचा भाव सांगणार नाही.

पावसाळ्यात आणखी एक धंदा चालतो. जुलैत कागदाची उघडी रीम दमट होते, कागद वळतो, अडकतो, दोन-दोन ओढले जातात. रोलर बदलायला सांगतात. आधी कोरडी, न फोडलेली रीम घालून पाहा, कागद आत ओढणारा पिकअप रोलर ओल्या फडक्यानं पुसून पाहा. इंकटँक प्रिंटरवाल्यांना ‘हेड (शाई सोडणारा भाग) गेलं’ सांगतात. कित्येकदा वाया गेलेली शाई शोषणाऱ्या वेस्ट इंक पॅडचा काउंटर भरलेला असतो. तो सॉफ्टवेअरनं रिसेट होतो, पण पॅड न बदलता रिसेट केला तर शाई खालून टेबलावर येते.

खर्चाचं गणित: १२एची कंपनीनं दिलेली क्षमता २,००० पानं, तीही पानाचा पाच टक्केच भाग छापला जातो या हिशेबानं. ताळेबंदाची रकान्यांनी भरलेली पानं त्याहून जास्त पावडर खातात. रिफिल ३०० रुपयांत आणि पानं १,५०० धरली तर पानामागे २० पैसे. या हिशेबात ४,२०० म्हणजे चौदा रिफिलचे पैसे. इतक्या जुन्या मशीनवर एकरकमी एवढा खर्च करायच्या आधी आम्ही तरी दुसऱ्या कुणाला दाखवू.

एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभाल करार, घेताना ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ (सगळं धरून) शब्दावर जाऊ नका, खालच्या बारीक ओळी वाचा. टेफ्लॉन, रोलर, ड्रम तिथे ‘कन्झ्युमेबल’ (झिजणारा माल) म्हणून वगळलेले असतात, आणि जातं तेच.

मशीन दुरुस्तीला सोडण्याआधी पॅनेलवरून कॉन्फिगरेशन रिपोर्ट छापून घ्या, मागच्या स्टिकरवरच्या सिरियल नंबरचा फोटो काढा, फ्यूजरच्या कव्हरवर आणि कार्ट्रिजच्या बाजूला पर्मनंट मार्करनं छोटी खूण करा. बिलावर पार्टचं नाव लिहून घ्या, जुना पार्ट मागून घ्या. तो तुमच्याच मशीनचा असेल तर त्यावर तुमची खूण असेल.