एक मीटरचं मॅग्नेटिक लूप: पावसाळा आणि हिवाळा वापरल्यानंतर

मॅग्नेटिक लूप म्हणजे हौशी (हॅम) रेडिओची कड्याच्या आकाराची छोटी अँटेना. घेण्याआधी एकच ठरवा, तुमचं काम २० मीटर (१४ मेगाहर्ट्झ) आणि त्यावरच्या बँडवर आहे की ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झ)? ४० च्या भरवशावर घेणार असाल तर पैसे खिशातच राहू द्या. का ते पुढे येईलच.

आमचा सेट असा: एलएमआर-४०० जातीच्या जाड कोअॅक्स केबलचं १ मीटर व्यासाचं लूप (शील्ड, म्हणजे बाहेरची जाळी, साधारण ८ मिमी), टोकांना पीएल-२५९ कनेक्टर, खाली डबीत ट्यून करायचा व्हेरिएबल कंडेन्सर, त्याच्या बरोबर समोर वरच्या बाजूला २० सेमीचं फीड लूप (रेडिओची पॉवर मोठ्या लूपला देणारं) आणि कॅमेऱ्याचा ट्रायपॉड. पॉवर ५ वॅट, क्वचित १०.

सह्याद्रीच्या माथ्यावर याचा खरा फायदा कळतो. कातळात खुंटी जात नाही, वायर टाकायला झाड नसतं, रेडियल (अँटेनाखाली जमिनीवर पसरायच्या तारा) पसरायला जागा नसते. लूपला यातलं काही लागत नाही. खालची कड जमिनीपासून मीटर-दीड मीटर वर असली की पुरे. मात्र लोखंडापासून लांब उभं करा. कळसूबाईच्या शिड्या किंवा कुठल्याही गडावरचं रेलिंग शेजारी असेल तर ट्यूनिंग सरकतंच, वर पॉवरही खाल्ली जाते.

आता आकडे. १४.१ मेगाहर्ट्झवर या लूपचा रेडिएशन रेझिस्टन्स (लहरी म्हणून बाहेर पडणाऱ्या पॉवरचा वाटा दाखवणारा रोध) जेमतेम ०.०९ ओहम. तांब्याचा स्वतःचा तोटा ०.१२ ओहमच्या आसपास. म्हणजे सगळं आदर्श धरलं तरी ४० टक्क्यांच्या वरच थोडी पॉवर बाहेर पडते. ७.१ वर रेडिएशन रेझिस्टन्स ०.००६ ओहमवर येतो, तोटा मात्र ०.०८ पेक्षा जास्तच राहतो. हिशेब ६-७ टक्क्यांचा झाला. ५ वॅटमधले ०.३ वॅट हवेत जातात, बाकी वायर गरम करतात. एफटी८ (कॉम्प्युटरवरचा डिजिटल मोड) किंवा सीडब्ल्यूला (मोर्स) तेवढ्यावर भागतं, एसएसबीवर (आवाजात बोलताना) घसा कोरडा होतो. त्याच कोअॅक्सचे दोन वेढे घेतले तर ४० मीटरवर हे प्रमाण दुपटीच्या जवळ जातं. तेवढा एक उपाय करण्याजोगा आहे.

या आकड्यांमुळेच जोड फार महत्त्वाचे ठरतात. कनेक्टरमध्ये ५ मिलिओहमचा मळ बसला तर ४० मीटरवर तो रेडिएशन रेझिस्टन्सएवढाच झाला! पीएल-२५९ ची शील्ड सोल्डर केलेलीच हवी, नुसती दाबलेली नको. फिरवायची रिंग हाताने पुरती आवळा, आणि कोकणातून परतल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसून घ्या. खारी हवा आठवड्याभरात आपलं काम करते.

तोटा वाढलाय हे एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळली याचं माप; १:१ म्हणजे पूर्ण जुळली) सांगत नाही. उलट लूप जितकं वाईट, तितकं ते ट्यून करायला सोपं वाटतं. बँडविड्थ, म्हणजे लूप किती रुंद पट्ट्यात जुळतं, ते बघा. नॅनोव्हीएनएवर (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) एसडब्ल्यूआर २.६ च्या दोन बिंदूंमधलं अंतर मोजायचं. २० मीटरवर आदर्श आकडा ११ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. आमच्याकडे १५ मिळतात. तेच २५ झाले की जोड उघडून बघायची वेळ झाली. ‘बँडविड्थ जास्त’ अशी जाहिरात करणारं लूप बघितलं की आम्ही सावध होतो.

कंडेन्सरबद्दल. २० मीटरला ४० पीएफ (पिकोफॅरड), ४० मीटरला १६० पीएफच्या पुढे लागतात. ५ वॅटवरही त्यावर १.८ किलोव्होल्टपर्यंत शिखर व्होल्टेज येतं. जुन्या रेडिओतला गँग (दोन भागांचा ट्यूनिंग कंडेन्सर) वापरायचा असेल तर दोन्ही भाग सिरीजमध्ये जोडा. व्होल्टेज विभागलं जातं आणि रोटरच्या (फिरत्या भागाच्या) घासणाऱ्या कॉन्टॅक्टमधून करंट जात नाही. पातळ फटींच्या गँगसाठी तरीही ५ वॅट म्हणजे कडेलोटच. पावसाळ्यात प्लेटवर दव धरलं की त्याआधीच ठिणगी उडते, आणि ती ऐकू येण्याआधी एसडब्ल्यूआरचा काटा नाचायला लागतो. डबीत सिलिका जेलची पुडी ठेवली, झाकणाला रबरी सील लावलं, तेव्हा हा त्रास बराच कमी झाला.

ट्यूनिंगला ६:१ चा रिडक्शन ड्राइव्ह (नॉब सहा वेळा फिरवला की कंडेन्सर एकदा फिरतो) आणि प्लॅस्टिकचा दांडा हवाच. धातूचा दांडा असला तर हात काढताच फ्रीक्वेन्सी पळते. आधी रिगचा (रेडिओ सेटचा) ऑटो ट्यूनर बंद करा. तो चालू राहिला तर चुकीच्या जागी असलेलं लूपही १:१ दाखवतो. मग आवाज एकदम भरून येईल तिथपर्यंत नॉब फिरवा, १ वॅट किंवा कमी कॅरिअर (नुसता साधा सिग्नल) देऊन एसडब्ल्यूआर खाली आणा, आणि लांब जाऊन पॉवर वाढवा. १० वॅटवर आम्ही दोन मीटर अंतर राखतो. पाठवताना लूपला हात लावाल तर चटका बसेल. उन्हात डबी तापली की रेझोनन्स सरकतो, त्यामुळे अधूनमधून नॉब फिरवावा लागतो. बँडभर फिरत स्टेशन शोधणाऱ्याला हे कंटाळवाणं होतं. १४.०७४ मेगाहर्ट्झवर (२० मीटरची एफटी८ फ्रीक्वेन्सी) ठाण मांडून बसणाऱ्याला काही वाटणार नाही.

फीड लूपपासून रिगपर्यंतच्या केबलवर फेराइटचा चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारा) टाका, अगदी फीड लूपजवळ. तो नसेल तर केबलच अँटेना होते आणि लूप फिरवण्यातला सगळा अर्थ जातो. तो अर्थ शहरात जास्त कामाचा: सपाट बाजू सोलर इन्व्हर्टरकडे किंवा चार्जरकडे केली की जवळचा गोंगाट झटकन खाली येतो, दूरचे सिग्नल बहुतेक तसेच राहतात. गच्चीवर ऐकण्यासाठी तरी याला तोड नाही.

बाकी, झाड मिळणार असेल तर १० मीटर वायर आणि ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर (वायर रेडिओशी जुळवणारा) स्वस्तात पडतो आणि २० मीटरवर लूपपेक्षा जोरात बोलतो. आमच्या सॅकमध्ये दोन्ही असतात. माथा उघडा दिसला तरच लूप बाहेर येतं.