आरसी गाडीची चॅसी: पत्रा बरा की प्रिंट, आणि स्टिअरिंगचं काय?

१/१० स्केलची, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाएवढी, रिमोटची गाडी घरी बनवायची म्हटलं की चॅसीला (खालच्या सांगाड्याला) पत्रा का थ्रीडी प्रिंट यावरच सगळी चर्चा होते आणि स्टिअरिंग मागनं कुठंतरी बसवू म्हणतात, तिथंच फसतंय बघ. मी पण तसाच फसलो.

आधी चॅसीचं सांगतो. ३०० बाय ८० चा ३ मिमी अॅल्युमिनियमचा तुकडा साधारण १९५ ग्रॅम भरतो. प्रिंट हलकी असते म्हणतात, पण पीईटीजी प्लास्टिकात तेवढी ताठ हवी तर जवळजवळ १० मिमी भरीव करावी लागते, म्हणजे तीनशे ग्रॅम, मग वाचलं काय? प्रिंटचा खरा फायदा वेगळाच, आज सर्व्होचं (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरचं) भोक चुकलं तर उद्या नवीन काढता येतं. बेळगावात उद्यमबागेत लेझर कटिंगवाल्याकडं एकच पीस घेऊन गेलास तर आधी नाक मुरडणार, जरा चहापाण्याच्या वेळेला जा. आणि प्रिंटला पीएलए प्लास्टिक नको रे, ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतंय, माझी पहिली चॅसी एप्रिलात बंद कारमध्ये राहिली ती बॅटरीच्या वजनानं केळ्यासारखी वाकली. पत्रा पण आपटून वाकतो म्हणा, आणि वाकला की पहिल्यासारखा सरळ होत नाही. कार्बन फायबर झकास, पण पहिल्या गाडीला कशाला.

आता स्टिअरिंग. सर्व्हो मधोमध ठेवून हॉर्नवरनंच (सर्व्होच्या फिरणाऱ्या पट्टीवरनं) दोन्ही चाकांना रॉड दिले की काम झटपट, पार्ट कमी. पण दोन्ही रॉड मधनं निघाल्यामुळं चाक धरणाऱ्या सस्पेंशनच्या खालच्या आर्मपेक्षा लांब होतात, चाक वर गेलं की रॉड आणि आर्म वेगवेगळ्या गोलात फिरतात आणि गाडी खड्ड्यात आपोआप वळते, यालाच बंप स्टिअर म्हणतात. त्यात दगडाचा दणका थेट सर्व्होच्या गिअरला. दुसरी पद्धत बेलक्रँक, म्हणजे सर्व्होची हालचाल खुंटीवर फिरणाऱ्या तुकड्यांतनं रॉडला द्यायची: दोन खुंट्या, चार बेअरिंग, मधे एक पट्टी, भानगड जास्त, पण रॉडचं आतलं टोक आर्मच्या पिनच्या रेषेत आणता येतं आणि सर्व्हो सेव्हरलाही (दणका झेलणाऱ्या स्प्रिंगच्या जोडाला) जागा मिळते. बेअरिंग ढिली घेतलीस तर मात्र गाडी सरळ जायचीच नाही.

अॅकरमन, म्हणजे वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळवायची रचना, दोन्ही पद्धतींत लागतो. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २६० मिमी, किंगपिनमधलं (चाकं ज्यावर वळतात त्या खुंट्यांमधलं) अंतर १५० मिमी असेल तर नकलचा (चाक धरून वळणाऱ्या भागाचा) आर्म साधारण १६ डिग्री आत हवा, म्हणजे २० मिमी मागं जाताना ६ मिमी आत.

गच्चीवर नाहीतर हॉलमध्ये फिरवणार असशील तर प्रिंट आणि सरळ सर्व्हो, खूश राहशील. खानापूरकडच्या तांबड्या मातीत, खड्यांत उडवणार असशील तर पत्रा आणि बेलक्रँकच, सर्व्होचा माउंट तेवढा प्रिंट कर. जोडून झाल्यावर पुढचं सस्पेंशन बोटानं दाबून बघ, चाकं वळली तर रॉडच्या बॉलखाली एक वॉशर घाल आणि परत दाब.