अंबिका कालना : बाराच्या आत पोहोचा, परतताना नदी ओलांडा

पुण्यातून निघणाऱ्या बंगालच्या सहली बहुतेक एकाच साच्यातल्या असतात. कोलकाता, दक्षिणेश्वर, बेलूर मठ, गंगासागर, वेळ उरला तर मायापूर. त्याच मायापूरच्या थोडं अलीकडे, भागीरथीच्या पश्चिम काठावर, पूर्व बर्धमान जिल्ह्यात अंबिका कालना आहे, आणि सहल कंपन्यांच्या पत्रकात ते सापडत नाही. कारण सरळ आहे: चाळीस माणसांच्या बसला साजेसं हॉटेल तिथे नाही आणि दुपारी मंदिरं बंद असतात. दोन-चार जणांनी आपापलं जायचं असेल तर मात्र कोलकात्याहून एका दिवसात यापेक्षा चांगलं काही होत नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापलाय तो राहण्याच्या आणि स्वच्छतागृहांच्या गैरसोयीसाठी.

विटांची मंदिरं म्हटलं की सगळे बिष्णुपूरचं नाव घेतात. बिष्णुपूर मोठं आहे, मान्य. पण तिथे मंदिरं विखुरलेली आहेत आणि हावड्याहून जायलाच तीन-साडेतीन तास लागतात. कालन्यात रस्त्याच्या एका बाजूला १०८ शिवमंदिरं आणि समोर राजबाडीचं, म्हणजे बर्धमानच्या महाराजांच्या वाड्याचं, आवार. मधे फक्त रस्ता.

पुण्याहून जायला आझाद हिंद एक्सप्रेस रोज आहे. संध्याकाळी निघते आणि तिसऱ्या दिवशी पहाटे हावड्याला पोहोचवते, वेळेवर असली तर. ही गाडी वेळ पाळेलच असं धरून त्याच दिवशी कालना गाठायचा बेत आखू नये, कारण नागपूर-बिलासपूर पट्ट्यात ती तास-दोन तास सहज मागे पडते. विमानाने अडीच तासांच्या आसपास लागतात. दोन्हीपैकी काहीही निवडा, पण रात्र कोलकात्यात काढून सकाळी ताज्या दमाने निघणं शहाणपणाचं.

हावड्याहून काटवा लोकल पकडायची. अंतर ऐंशीएक किलोमीटर, वेळ दोन तासांच्या आसपास, तिकीट पुण्यातल्या कटिंग चहाच्या दोन कपांइतकं. सकाळी ही गाडी गर्दीच्या उलट दिशेने जाते, त्यामुळे बसायला मिळतं. संध्याकाळी त्याच दिशेला पाय ठेवायला जागा नसते. दोन काटवा गाड्यांत तासाभराहून जास्त अंतर पडू शकतं, म्हणून वेळापत्रक आदल्या रात्री पाहून ठेवा. गाडी चुकलीच तर हावड्यात बसून राहू नका. बंडेल लोकल भरपूर असतात आणि बंडेलहून सुटणाऱ्या काटवा गाड्याही आहेत. लोकलच्या डब्यात शौचालय नसतं. लोणावळा लोकलची सवय असलेल्यांना यात नवल नाही, पण घरातली वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर हावड्यालाच सगळं आटपून घ्यायला सांगा. मोबाइलवर तिकीट काढताना नुसतं कालना शोधू नका, स्टेशनचं नाव 'अंबिका कालना' असं आहे.

स्टेशनबाहेर टोटो म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षा उभ्या असतात. माणशी भाड्याने बसलात तर सुट्टे दहा-वीस रुपये पुरतात; 'रिझर्व' म्हणालात तर पूर्ण रिक्षाचा भाव लागतो, आणि तो बसण्याआधी ठरवायचा. 'एकशो आट शिबमंदिर' एवढं म्हटलं की पुढचं काही बोलावं लागत नाही. चालत जाण्यासारखं अंतर आहे, पण सकाळचा वेळ चालण्यात घालवू नये.

कारण कालन्याचा सगळा खेळ सकाळचा आहे. राजबाडीतल्या मोठ्या मंदिरांत अजून नित्यपूजा चालते, त्यामुळे दुपारी बाराच्या सुमाराला देवाचा नैवेद्य झाला की दारं लागतात आणि चारच्या आसपासच उघडतात. बाहेरच्या भिंती तेव्हाही पाहता येतात, पण माथ्यावर आलेल्या उन्हात भाजक्या मातीचं उथळ कोरीवकाम सपाट दिसतं. तिरपं ऊन पडलं की तीच भिंत उठून येते. नऊच्या आत पोहोचणाऱ्याला दोन्ही मिळतं, बाराला पोहोचणाऱ्याला दोन्ही नाही.

आधी राजबाडीत शिरा, शिवमंदिरं नंतर. आत शिरल्यावर पहिलं लक्ष वेधून घेतं ते प्रतापेश्वर. १८४९ चं, म्हणजे इथल्या मानाने अगदी अलीकडचं, आकाराने लहान, एकाच शिखराचं. पण चारही भिंतींवर हाताएवढी जागा रिकामी ठेवलेली नाही. राम-रावणाचं युद्ध, कृष्णलीला, आणि त्यांच्या मधेमधे टोपीवाले साहेब. देवळाच्या भिंतीवर साहेब पाहून पुणेकराने दचकायचं कारण नाही. सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळदंड घालणारे गोरे शिपाई आहेतच, आणि तो गेंडा म्हणजे बंगाल-आसाम असा अर्थ लावणारेही आहेत. फरक माध्यमाचा. आपल्याकडे बेसॉल्ट हाताशी होता; गंगेच्या गाळाच्या मुलखात दगडच नाही, म्हणून ओल्या मातीचे फलक घडवायचे, भाजायचे आणि भिंतीत बसवायचे. त्यामुळे इथे शत्रू छिन्नी-हातोडा नसून पाणी आहे. पावसाळ्याची ओल विटेत शिरते, सुकताना क्षार पृष्ठभागावर येतात आणि नाक-डोळे पापुद्र्यासारखे सुटतात. म्हणूनच जमिनीलगतचे फलक जास्त झिजलेले दिसतात. काही जागी नवे, कोरे फलक बसवलेत, तेही ओळखू येतात. हात लावून पाहायचा मोह टाळा.

प्रतापेश्वराच्या पुढे बिनछताचा रासमंच, म्हणजे रासोत्सवात देव बसवायचा मंच, आहे, आणि मग खरं कालना सुरू होतं: पंचवीस शिखरांचं लालजी मंदिर, १७३९ चं. पंचवीस शिखरं नुसती मोजत बसलं तर गोंधळ होतो. हिशोब असा: पहिल्या मजल्याच्या चार कोपऱ्यांवर तीन-तीन म्हणजे बारा, दुसऱ्याच्या कोपऱ्यांवर दोन-दोन म्हणजे आठ, तिसऱ्याच्या कोपऱ्यांवर एकेक म्हणजे चार, आणि मधलं मोठं एक. हे एकदा डोक्यात बसलं की जवळच्या कृष्णचंद्रजी मंदिरापुढे (१७५१-५२) आणि गावातल्या गोपालबाडीपुढे (१७६६) उभं राहताना डोळे आपोआप कोपऱ्यांकडे जातात. पंचवीस शिखरांची अशी मंदिरं सगळ्या बंगालात मोजून पाच, त्यातली तीन या एका गावात. चौथं याच लोहमार्गावर, सोमराबाजार स्टेशनजवळच्या सुखरियात आहे. लालजीच्या भिंतीच्या कोपऱ्यांवर उभ्या रांगेत एकावर एक चढलेले घोडेस्वार आणि हिंस्र प्राणी शोधा. बहुतेक पाहुणे दारावरचीच चित्रं पाहून पुढे सरकतात. कृष्णचंद्रजीच्या पुढची ओसरी वाकवलेल्या छपराची आहे, बंगाली झोपडीच्या बांबूच्या छपरासारखी. हे वाकणं शोभेसाठी नाही, तिथल्या पावसाचं पाणी पटकन ओघळावं म्हणून बांबू वाकवायचे, तीच रेघ विटेत उतरली.

आता रस्ता ओलांडा. १८०९ साली बर्धमानचे महाराज तेजचंद्र यांनी बांधलेली १०८ शिवमंदिरं दोन वर्तुळांत आहेत: बाहेर ७४, आत ३४. बाहेरच्या वर्तुळात एक पिंडी काळी, एक पांढरी अशी आळीपाळीने. आतल्या सगळ्या पांढऱ्या. सगळी देवळं एका साच्यातली आहेत, त्यामुळे कोरीवकामासाठी इथे वेळ देऊ नका. मजा आहे ती वर्तुळात चालण्याची. बाहेरच्या फेरीत चालताना वळणामुळे पुढची चार-सहाच देवळं दिसतात, बाकीची उलगडत जातात. चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि मार्चपासून फरशी तापते, तेव्हा जुने मोजे पिशवीत असू द्या. फोटोला बाहेर अडचण नाही, गाभाऱ्यात कॅमेरा काढू नये. तिपाई लावायची असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

गावातलं सिद्धेश्वरी कालीचं मंदिर भाविकांनी चुकवू नये, अंबिका या नावाची देवी तीच. घाईत असाल तर बाकीची लहान देवळं सोडून दिलीत तरी चालेल.

जेवणाबद्दल शाकाहारी मंडळींना थोडं स्पष्ट सांगायला हवं. इथे 'व्हेज' म्हणून उपयोग नाही, 'निरामिष' म्हणा. त्याचा अर्थ कांदा-लसूणही नाही असा घेतला जातो, आणि ते बरंच आहे, कारण मग वेगळ्या भांड्यातलं काहीतरी मिळण्याची शक्यता वाढते. साध्या भाताच्या खाणावळीत डाळ, बटाट्याचे काप, आलू-पोस्तो म्हणजे खसखशीतला बटाटा, आणि टोमॅटोची गोड चटणी एवढं ताट मिळतं. सगळं मोहरीच्या तेलात. ज्यांना तो वास सोसत नाही त्यांनी सकाळी स्टेशनजवळ कचोरी नाहीतर लुची खाऊन घ्यावी आणि दुपार मिठाईवर काढावी. मासे खाणाऱ्यांना काहीच सांगायची गरज नाही, पण मासा नदीतला, काट्यांचा. सुरमईच्या सवयीने घास घेऊ नका.

मिठाईत इथला माखा संदेश घ्या. साच्यातला नव्हे, वजनावर मिळणारा, मोकळा. तो खव्याचा नसतो, छेन्याचा असतो: दूध फाडून, पाणी काढून, छेना साखरेबरोबर मंद आचेवर परतून हाताने मळलेला. चांगला असेल तर बोटांत दाणा लागतो आणि बोट तेलकट होत नाही. आंबूस वास आला तर परत करा. थंडीत तो शिंदीच्या रसाच्या नव्या गुळाचा, नोलेन गुडाचा मिळतो, आणि डिसेंबर-जानेवारीत जाण्याचं निम्मं कारण तोच आहे. एप्रिलमध्ये कोणी नोलेन गुडाचा ताजा संदेश म्हणून विकत असेल तर तो वासाच्या बाटलीचा समजावा. ओलावा भरपूर असल्याने हा संदेश थंडीतही दोन दिवसांपलीकडे टिकवू नये. विमानाने येणार असाल तर घरच्यांसाठी आणा, रेल्वेने असाल तर तिथेच संपवा.

परतताना आल्या वाटेने लोकल पकडण्यापेक्षा घाटावर या. कालना घाटावरून नृसिंहपूरला होड्या जातात; माणसं, सायकली, मोटारसायकली, भाजीच्या पाट्या, सगळं एकाच फळीवरून चढतं. पलीकडे नदिया जिल्हा. तिथून टोटो किंवा बसने शांतिपूर, आणि शांतिपूरहून सियालदाला थेट लोकल. म्हणजे एकाच दिवसात नदीच्या दोन्ही काठांचं वर्तुळ पूर्ण होतं. मात्र होडी हा गंमतीचा विषय नाही. मे २०१६ मध्ये भवा पागला या संतकवीच्या जत्रेच्या वेळी याच घाटावर खचाखच भरलेली होडी उलटून माणसं बुडाली होती. तेव्हा जत्रेच्या दिवशी, काळोख पडल्यावर किंवा आकाशात वळवाचे ढग असताना चढू नका. होडी भरलेली दिसली तर पुढची येऊ द्या. लाइफ जॅकेट मागा, आणि मधे उभं राहा, कडेला नाही. पायऱ्यांवर गाळ बसलेला असतो, त्यावर ओली चप्पल घसरते.

शांतिपूर तांताच्या, म्हणजे हातमागावरच्या सुती, साड्यांचं गाव. कालन्याच्या पुढची धात्रीग्राम आणि समुद्रगड ही स्टेशनंही त्याचसाठी ओळखली जातात. इथे फसवणूक एकाच प्रकारची होते: यंत्रमागाची साडी हातमागाच्या भावाने. साडीच्या दोन्ही काठांची बाहेरची कड उजेडात धरा. हातमागावर कापड रुंदीत ताणून ठेवायला जी पट्टी लावतात तिच्या टोकांच्या सुयांची बारीक भोकं कडेने ओळीत दिसतात. जामदानीची बुट्टी उलटी करून पाहा. हाताची असेल तर दोरा बुट्टीतच वळून परत गेलेला असतो, यंत्राची असेल तर मागे कापलेल्या दोऱ्यांची लव दिसते. नवी साडी कागदासारखी कडक लागते ती लाह्यांच्या खळीमुळे. पहिल्या धुण्याआधी मीठ घातलेल्या गार पाण्यात थोडा वेळ ठेवा, यंत्रात टाकू नका, आणि खळ निघून गेल्यावर ती मऊ पडते म्हणून दुकानदाराला दोष देऊ नका.

एक रात्र हाताशी असेल तर कालन्यात साध्या लॉजवर राहण्याऐवजी त्याच गाडीने पुढे नवद्वीपला उतरा, पलीकडच्या मायापुरात राहायची सोय बरी आहे. दुसऱ्या दिवशी काटव्याकडे जायचं तर त्याआधीचं स्टेशन दाईहाट. १७४२ च्या सप्टेंबरात नागपूरकर भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर यांनी इथे दुर्गापूजा मांडली होती, आणि बंगालचा नवाब अलीवर्दी खानाने नदी ओलांडून घातलेल्या छाप्यामुळे मराठ्यांना ती अर्धवट टाकून निघावं लागलं. गावात पाहण्यासारखं फार नाही. मराठी आहात हे सांगितलंत तर 'बर्गी?' असं हसून विचारतील (स्वारीवर आलेल्या मराठा घोडेस्वारांना तिकडे हेच नाव), चहा मात्र देतील. बर्गींनी गावं जाळली ही आठवण तिथे अजून पुसलेली नाही, तेव्हा अटकेपारच्या गप्पा पुण्यातच ठेवून जा.