ऑर्डनन्स सर्व्हेचा कागदी नकाशा ओएल २५: आठ महिने, ससेक्समधल्या पाच छोट्या ट्रिपा

मार्चमध्ये घेतला होता, आता नोव्हेंबर संपत आला. घड्यांवर तीन ठिकाणी विरलाय, एका कोपऱ्यावर चहाचा डाग आहे, म्हणजे पुरेसा वापरून झालाय, आता लिहायला हरकत नाही.

आधी वस्तू काय ते सांगते. ऑर्डनन्स सर्व्हे म्हणजे ब्रिटनची सरकारी नकाशासंस्था, तिची ही एक्सप्लोरर सिरीज, नारिंगी कव्हर, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा ईस्टबोर्न आणि बीची हेडचा भाग. स्केल १:२५,०००, म्हणजे नकाशावरचे ४ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. गुलाबी कव्हरचा लँडरेंजरही मिळतो, १:५०,०००चा, पण चालायचं असेल तर तो घेऊ नका, कारण शेतांचे बांध फक्त नारिंगीत दिसतात आणि इथे चालताना सगळा हिशोब बांधांवरच असतो, "तिसऱ्या शेतानंतर डावीकडे" असा. आत मोबाईलवर डाउनलोड करायचा कोडही येतो, त्याबद्दल पुढे.

आम्ही दक्षिण लंडनमध्ये क्रॉयडनला राहतो, तिथून ईस्टबोर्नला थेट ट्रेन आहे. नवरा आणि मी दोघांचं मिळून टू टुगेदर रेलकार्ड काढलंय, तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते, फक्त दोघांनी बरोबर प्रवास करायला हवा आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही. त्यामुळे आमच्या ट्रिपा दोन किंवा तीन दिवसांच्याच, शुक्रवारी दहाची गाडी आणि रविवारी संध्याकाळी घरी. रविवारी रुळांचं काम आहे का ते मात्र आधी बघा, एकदा अर्ध्या वाटेत ट्रेनमधून उतरवून बसमध्ये बसवलं आणि घरी पोचायला साडेदहा झाले.

पहिली ट्रिप एप्रिलमधली, सीफर्ड ते ईस्टबोर्न, सेव्हन सिस्टर्सच्या कड्यांवरून, वीसेक किलोमीटर. फोनवर बघितलं होतं तेव्हा वाटलं समुद्राकाठाने सरळ जायचं. नकाशा उघडल्यावर कळलं की मध्ये ककमिअर नदी समुद्राला मिळते आणि तिच्या मुखाजवळ पूलच नाही, आत एक्झीटपर्यंत जाऊन रस्त्याच्या पुलावरून पलीकडे जायचं आणि परत समुद्राकडे यायचं. म्हणजे तासभर जास्त. हे आधी कळल्यामुळे जेवणाची वेळ बरोबर जमवता आली. कंटूरच्या, म्हणजे उंची दाखवणाऱ्या, रेषा पण तेव्हाच वाचायला शिकले. सात टेकड्या म्हणतात, कुठलीच फार उंच नाही, सगळ्यात उंच जेमतेम ७७ मीटर, पण रेषा एकमेकींना इतक्या खेटून आहेत की सात वेळा चढायचं आणि सात वेळा उतरायचं, आणि पाऊस पडून गेला असेल तर चुनखडीचा चिखल बुटाला असा चिकटतो की पाय दुप्पट जड होतात. नवीन घेतलेले माझे बूट त्याच दिवशी आतून ओले झाले. बुटांवर दोन पैसे जास्त खर्च करा.

काठापासून लांब चाला, हे कळकळीने सांगते. बीची हेडला कडा १६२ मीटर उंच आहे, बहुतेक ठिकाणी कुंपण नाही, आणि पांढरा चुनखडीचा खडक खालून समुद्र खात असतो, वरून हिरवळ अगदी भक्कम दिसते. तिथलं बेल टाऊट नावाचं १८३२ सालचं जुनं दीपगृह कडा जवळ आला म्हणून १९९९ मध्ये अख्खंच्या अख्खं उचलून १७ मीटर मागे सरकवलंय. लोक काठावर पाय सोडून फोटो काढतात ते बघून पोटात गोळा येतो. खाली पुळणीवरही कड्याला टेकून बसू नका, वरून दगड येतात.

मे महिन्यात आई-बाबा आले, साताऱ्याहून, चार महिन्यांसाठी. खरं तर नकाशाचा खरा वापर तिथून सुरू झाला. बाबा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, पस्तीस वर्षं मोजणी केली. त्यांच्यासमोर नकाशा ठेवला आणि ते तीन तास उठले नाहीत. सगळ्यात आधी त्यांनी हिरव्या तुटक रेषा धरल्या. म्हणाले, "ही पाऊलवाट, पण शेताच्या मधून कशी गेलीय?" मी सांगितलं की ह्या सगळ्या पब्लिक फुटपाथ आहेत, शेत कुणाचंही असलं तरी ह्या वाटेवरून कोणीही चालू शकतं. १९४९च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला अशा वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला आणि त्या नकाशावर वाट असली की तोच पुरावा, तिथूनच त्या इथे हिरव्या छापल्या जातात. बाबांना विश्वास बसेना. आपल्याकडच्या गावनकाशातही पायमार्ग एका तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो, पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट हे त्यांना झोपेतही पाठ. पण जागेवर गेलं की पाणंद नांगरून बांधात गेलेली असते, आणि मग तहसीलमध्ये तारखा. त्यांनी आयुष्यभर ह्याच भांडणांच्या मोजण्या केल्या.

जूनमध्ये अल्फ्रिस्टनला दोन रात्री राहिलो. गावात सोळाशे-सतराशेच्या वळणाची बुटकी घरं, चर्चशेजारी गवताने शाकारलेलं क्लर्जी हाऊस, जे नॅशनल ट्रस्ट ह्या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने १८९६ मध्ये १० पाउंडांना घेतलं, त्यांनी विकत घेतलेली पहिली इमारत. छान आहे, पण अर्ध्या तासात बघून होतं. आमच्या लक्षात राहिलं ते दुसऱ्या दिवशीचं चालणं. नकाशात हिरवी रेषा गव्हाच्या शेतातून सरळ जात होती, आणि फाटकावर पिवळा बाण, आणि समोर कमरेएवढा गहू, आणि त्या गव्हात मधोमध मीटरभर रुंद वाट मोकळी सोडलेली, नकाशात होती तिथेच. पेरणीनंतर ती परत मोकळी करायची जबाबदारी शेतकऱ्याचीच, निदान एक मीटर, कायदाच आहे १९९०चा. बाबा शेताच्या मध्यापर्यंत गेले आणि थांबले. दोन्ही बाजूला हात पसरून गव्हाच्या लोंब्यांना लावले. काही बोलले नाहीत. मग पुढे जाऊन फाटक लावून घेतलं आणि कडी दोनदा तपासली.

फाटक जसं असेल तसं ठेवायचं, लावलेलं असेल तर लावायचं, हे इथलं पहिलं शिष्टाचार. गायींबरोबर वासरं असतील तर लांबून वळसा घाला.

आता समुद्राचं. आई मूळची देवगडची. बर्लिंग गॅपला जिन्याने खाली उतरलं की गोटेच गोटे, वाळू शोधावी लागते, पण ओहोटी पुरती लागली की खडकाचा सपाट कातळ उघडा पडतो आणि त्याच्या खळग्यांत खेकडे, शंख, लाल फुलासारखे समुद्रजीव. ह्यासाठी ओहोटीची वेळ माहीत असणं महत्त्वाचं, नाहीतर कड्याखाली पाण्यात अडकायची भीती. मी फोनवर तक्ता शोधत होते आणि आईने विचारलं आज तिथी कोणती. अष्टमी होती. म्हणाली, "मग भांग आहे, म्हणजे भरती-ओहोटी लहान, बाराच्या सुमाराला ओहोटी असेल पण पाणी फार मागे जायचं नाही. पौर्णिमेला ये, संध्याकाळी." तिचा हिशोब म्हणजे तिथीची पाऊणपट, ती भरतीची वेळ, तिच्या वडिलांनी शिकवलेला. तक्त्याशी ताडून बघितलं, उन्हाळ्यात इथे घड्याळ तासभर पुढे केलेलं असतं ते वजा केलं तर तासाभराच्या आत जुळलं! कोकणात आणि ससेक्सच्या ह्या भागात उधाणाची भरती दोन्हीकडे दुपारी बाराच्या आसपासच येते. योगायोग म्हणा, पण तिला वाटलेला आनंद सांगता येणार नाही. पौर्णिमेला परत गेलो, साडेसहा-सातला पाणी लांबच लांब गेलेलं, जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो, आणि आई साडी खोचून कातळावर बसून प्रत्येक खळगा बघत होती. तरीही वेळ पक्की करायला छापील तक्ताच वापरा.

ऑगस्टमध्ये ब्राइटनला गेलो, त्यासाठी शेजारचा ओएल ११ घ्यावा लागला. पिअर, प्रोमनाड, व्हिनेगर घातलेले चिप्स, सगळं झालं. पण बाबांनी नकाशावर शहराच्या उत्तरेला डोंगरावर एक शब्द वाचला होता, छत्री. पहिल्या महायुद्धात ब्राइटनच्या रॉयल पॅव्हिलियनमध्ये जखमी हिंदी सैनिकांचं हॉस्पिटल होतं, ब्राइटनच्या हॉस्पिटलांत वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांवर इथे डोंगरावर अग्निसंस्कार केले, रक्षा समुद्रात सोडली. त्या जागेवर १९२१ मध्ये पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी राहिली, आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स ह्या वास्तुविशारदाचा. तिथपर्यंत गाडी जात नाही. पॅचमपर्यंत बस आणि पुढे हिरव्या तुटक रेषेवरून चढत जायचं, मेंढ्यांच्या कुरणातून. वारा खूप होता. अशा जागी चपला घालून जात नाहीत म्हणून बाबांनी बूट काढून बाजूला ठेवले. आईने घरून आणलेली झेंडूची दोन फुलं वाहिली. त्या टेकडीवरून लांब समुद्र दिसतो. अर्धा तास आम्ही चौघंच होतो.

उतरताना बाबांनी सांगितलं की जॉर्ज एव्हरेस्टची कबर शेजारीच, होव्हला आहे, ज्याने हिंदुस्थानची मोजणी केली, तिकडे पण नेशील का. नेलं.

उपयोगाच्या गोष्टी: वाऱ्यात पूर्ण नकाशा उघडू नका, घरूनच लागणारा भाग वर येईल अशी घडी करा. माझ्या घड्या पावसात ओल्या नकाशाला जबरदस्तीने दुमडल्यामुळे विरल्या. फोनवरची कॉपी ठेवा, आपण नेमके कुठे उभे आहोत ते कळायला ती उत्तम, पण पुढे काय आहे ते कागदावरच दिसतं, आणि थंडीत बॅटरी उतरते. काळा चौकोन आणि वर क्रॉस म्हणजे मनोऱ्याचं चर्च, गोल असेल तर टोकदार शिखराचं, लांबून दिशा धरायला ह्याचा फार उपयोग. निळा मग म्हणजे पब, पण दुपारी किचन बंद होतं, आधी फोन करा. पाणी भरून घ्या, चुनखडीत पाणी मुरतं त्यामुळे ह्या डोंगरांवर ओढा, झरा काही नाही.

फक्त समुद्रकिनाऱ्यावर बसायचं असेल, लहान मुलं आणि गाडी असेल, तर हा नकाशा नाही घेतला तरी चालेल.

सप्टेंबरमध्ये बाबा जाताना जुना नकाशा मागून घेऊन गेले, मग मला परत पाठवला कारण त्यांना त्यावर पेन्सिलने लिहून द्यायचं होतं कुठली वाट राहिलीय. विल्मिंग्टनच्या लाँग मॅनखालून, म्हणजे टेकडीच्या उतारावर काढलेल्या माणसाच्या मोठ्या आकृतीखालून, जंगलाच्या कडेने जाणारी एक, तिच्याभोवती गोल केलाय. मी नवीन मागवलाय, लॅमिनेटेड, पण शनिवारी हाच घेऊन जाणार आहे.