बसस्टँडसमोरचं ऑनलाइन सेंटर: आयआयटीच्या ॲडमिशनसाठी कितपत कामाचं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं हे सेंटर. दोन कॉम्प्युटर, स्कॅनर, इन्व्हर्टर. लाइन गेली तरी काम थांबत नाही. पीक विमा आणि जोसाचं (आयआयटी-एनआयटीच्या जागा वाटणारी केंद्राची यंत्रणा) काउन्सेलिंग एकाच टेबलावर चालतं. स्कॅनिंग स्वच्छ, फॉर्मचे १५० रुपये वाजवी. एवढ्यापुरतं जावं.

घोळ होतो ओबीसी नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यात. इथला पोट्टा हाती येईल तो दाखला जोडून मोकळा होतो. आयआयटी, एनआयटीला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, तोही त्याच वर्षी १ एप्रिलला किंवा नंतर निघालेला. राज्याच्या दाखल्यावर तीन वर्षांची मुदत असली तरी तो तिथं चालत नाही. एप्रिल लागताच अर्ज टाका. एसडीओ ऑफिसात जूनमध्ये गर्दी उसळते.

ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचा, पेच वेगळाच. केंद्राच्या नियमात कुटुंबाकडे पाच एकर किंवा जास्त शेती असली की उत्पन्न कितीही कमी असो, दाखला नाही. सहा एकर कोरडवाहू पऱ्हाटीचा कास्तकार बाद, अन् नागपुरात भाड्याने राहणारा साडेसात लाखांचा पगारदार बसतो! अर्जाआधी जमिनीचा आठ-अ उतारा पाहून घ्या, फुकट फेऱ्या वाचतील.

चॉइस फिलिंग, म्हणजे कॉलेज-शाखांची पसंतीची यादी भरणं, इथं करूच नका. गेल्या वर्षीच्या कुणाची तरी यादी जशीच्या तशी उतरवतात. एनआयटीच्या निम्म्या जागा त्या-त्या राज्यातल्या मुलांना असतात, अन् महाराष्ट्रात एनआयटी एकच, नागपूरची व्हीएनआयटी. ह्या यादीत ती चौदाव्या नंबरवर! वरची एखादी नकोशी जागा लागली की व्हीएनआयटी हातची गेली. त्यात पहिल्याच फेरीत ‘फ्रीझ’ (मिळालेली जागा कायम, पुढं बदल नको) दाबून देतात, म्हणजे गिऱ्हाईक निपटलं. ‘फ्लोट’ ठेवलं तर हातची जागा राखून पुढच्या फेरीत यादीतल्या वरच्या जागेची आशा राहते.

मोबाइल नंबर अन् ईमेल घरचाच द्या. हे लोक स्वतःचा टाकतात, पासवर्ड निळ्या वहीत. कागदांवर शंका निघाली आणि मुदतीत उत्तर गेलं नाही तर जागा रद्द होते. अन् सेंटरच्या मेलमध्ये न वाचलेल्या मेलांचा ढीग.

आयआयटीत घरचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर ट्यूशन फी पूर्ण माफ, एक ते पाच लाखांत दोन तृतीयांश माफ. एससी, एसटीला उत्पन्न न पाहता पूर्ण माफ. काउंटरवर हे कुणी सांगत नाही, तिथं एज्युकेशन लोनची पत्रकं ठेवलेली असतात.